दुपारी दोन ते पाच

सीएच्या अभ्यासाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं आली ती बहुतेक बार्शी, अकलूज, मंगळवेढा, धाराशिव या आमच्याच पट्ट्यातून. पुण्यामुंबईच्या मुलांना विचारायला माणसं शेजारीच असतात, हे एक कारण असावं. मी सोलापुरात प्रॅक्टिस करते. ऑफिसात कायम तीन-चार आर्टिकल, म्हणजे सीए होता होता उमेदवारी करणारी मुलं, असतात आणि त्यांच्या परीक्षेच्या तारखा माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रिटर्नच्या मुदतींइतक्याच ठळक असतात. पुढे लिहिलंय ते या मुलांचे सराव पेपर तपासून तयार झालेलं मत आहे. क्लासवाल्यांना पटेलच असं नाही. (नवख्यांसाठी: सीएच्या परीक्षेचे टप्पे तीन, फाउंडेशन, इंटर आणि फायनल; शेवटच्या दोन्हींत तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप असतात.)

मी इंटरचा पहिला ग्रुप दिला. अकाउंट्स ६२, लॉ ३७, टॅक्स ५४. बेरीज १५३ होते, तरी नापास. लॉचं पुस्तक चार वेळा वाचलं होतं. पेपर हातात आला की सगळं ओळखीचं वाटतं, लिहायला गेलं की सुचत नाही आणि शेवटचे दोन प्रश्न राहूनच जातात. आता पाचव्यांदा वाचायला घेऊ का?
— विद्यार्थिनी, बार्शी

पाचव्यांदा वाचू नकोस.

आधी हिशेब मांडू, कारण तुझ्या मूळ पत्रात (ते चार पानी होतं) रडणं फार आणि हिशेब कमी आहे. ग्रुप सुटायला दोन अटी: प्रत्येक पेपरात किमान ४०, आणि तिन्ही पेपर मिळून ५० टक्के, म्हणजे १५०. दुसरी अट तू पार केलीस, पहिली लॉच्या तीन मार्कांनी हुकली. पण अकाउंट्सला साठच्या वर असल्यामुळे त्या पेपरचं एक्झेम्प्शन, म्हणजे तो पुन्हा न देण्याची सूट, पुढच्या तीन अटेम्प्टपर्यंत तुझ्याकडे आहे, आणि ते ६२ मार्क बेरजेतही धरले जातात. उरले ८८, दोन पेपरांत मिळून, दोन्हीकडे चाळिशी गाठून. मागच्या वेळी या दोन पेपरांत तुला ९१ होते! टॅक्स आहे तिथे राहिला आणि लॉला चाळीस पडले की ग्रुप सुटला. हा आकडा कागदावर लिहून टेबलासमोर चिकटव. तीन मार्कांसाठी वर्ष वाया गेलं असं तू लिहिलंयस. वर्षही जायचं नाही, कारण इंटर आता वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये.

आता सुचत का नाही ते. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत समोरून एखादी बाई येते, चेहरा पक्का ओळखीचा, आणि नाव काही केल्या आठवत नाही. चार वेळा वाचलेल्या पुस्तकाचं तसंच होतं. पान उघडलं की 'हे येतंय' असं वाटतं, ते पान समोर असतं म्हणून. परीक्षेत पान समोर नसतं, आणि आपण सराव मात्र सतत पान समोर ठेवूनच करतो.

म्हणून एक प्रकरण वाचून झालं की पुस्तक मिट, कोरा कागद घे आणि आठवेल ते लिही: कलम, मुदत, टक्केवारी, अपवाद. पहिल्या वेळी अर्धंसुद्धा आठवणार नाही, आणि त्याने जीव घाबरा होईल. होऊ दे. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भर. दुसऱ्या दिवशी फक्त लाल भाग. मग चार-पाच दिवसांनी पुन्हा कोरा कागद, मग पंधरवड्याने. मधे थोडं विसरायला झालं पाहिजे, तेव्हाच आठवायला जोर लावावा लागतो, आणि जोर लावून आठवलेलं टिकतं. वाचण्यापेक्षा हे कंटाळवाणं आहे आणि दिवसाअखेर पानं कमी झालेली दिसतात. त्यामुळे मुलं आठवडाभरात सोडून देतात. तू तीन आठवडे कर आणि मग मला लिही.

लॉचं उत्तर कसं लिहायचं हे एका प्रश्नावर बघू. समज, प्रश्न असा आहे: एका कंपनीचं पहिलं आर्थिक वर्ष ३१ मार्च २०२५ ला संपलं. पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा २० जानेवारी २०२६ ला घ्यायचं संचालकांनी ठरवलं. उशीर होतोय, पण रजिस्ट्रारकडून तीन महिन्यांची मुदतवाढ घेऊ, असं त्यांचं म्हणणं. हे बरोबर आहे का?

दहातली सात मुलं लिहितात: 'कंपनीने सभा वेळेत घेणं बंधनकारक आहे. ही सभा उशिरा आहे. म्हणून संचालकांचं म्हणणं चूक आहे.' निष्कर्ष बरोबर, मार्क जेमतेम एखादा. तपासणाऱ्याला हवं ते तीन छोट्या परिच्छेदांत बसतं. पहिला, तरतूद: कंपनी कायदा, २०१३, कलम ९६, पहिली सभा पहिलं आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, खास कारण असेल तर रजिस्ट्रार तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकतो, मात्र पहिल्या सभेला ही सवलत नाही. दुसरा, दिलेल्या प्रसंगाला ते लावून दाखवणं: नऊ महिने ३१ डिसेंबर २०२५ ला संपतात, सभा त्यानंतर आहे, आणि ती पहिलीच सभा असल्याने मुदतवाढीचा मार्ग बंद. तिसरा, निष्कर्ष, एका ओळीत. सगळं मिळून सात-आठ ओळी.

यात '९६' हा आकडा ऐन वेळी आठवला नाही तर 'कंपनी कायदा, २०१३ च्या तरतुदींनुसार' एवढंच लिही. अंदाजाने चुकीचं कलम ठोकून देऊ नकोस. पहिल्या सभेला मुदतवाढ नाही हा अपवाद मात्र आलाच पाहिजे, कारण प्रश्न रचणाऱ्याने अख्खा प्रश्न त्याच्यावरच बेतला आहे. लॉमध्ये, आणि टॅक्समध्येही, वाचताना 'मात्र' आणि 'वगळून' या शब्दांपाशी थांबायची सवय लाव. मार्क तिथे दडलेले असतात.

राहिलेले दोन प्रश्न. १८० मिनिटं आणि १०० मार्क, म्हणजे पाच मार्कांच्या उत्तराला नऊ मिनिटं. तू पहिल्या, येत असलेल्या प्रश्नाला वीस मिनिटं देतेस, हे तुला न विचारताही सांगू शकते. घरी घड्याळ लावून एकेक उत्तर नऊ मिनिटांत लिहून बघ. हात कुठे रेंगाळतो ते कळेल. पावणेदोन ते दोन ही पंधरा मिनिटं फक्त वाचायला मिळतात. तेवढ्यात वर्णनात्मक प्रश्नांपैकी कोणता सोडायचा हे ठरवून टाक, म्हणजे मध्येच दोन प्रश्नांत लोंबकळणं होत नाही. आणि ३० मार्कांचे एमसीक्यू असतात, इंटरला त्यांत चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत. एकही कोरा सोडू नकोस.

आणखी एक, थोडं विचित्र वाटेल. सराव पेपर दुपारी दोनलाच लिही. सगळी मुलं सकाळी ताज्या डोक्याने किंवा रात्री सामसूम झाल्यावर अभ्यास करतात आणि परीक्षा असते भर दुपारी. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, पोटात भाकरी, आमटी आणि शेंगाचटणी, आणि दोन वाजता डोळे मिटायला लागतात. शेवटचे दोन महिने एकला हलकं जेवून दोनला पेपर लिहायला बसलीस की शरीर सरावतं. आमच्या ऑफिसात परीक्षेच्या आधी मुलं आतल्या खोलीत दोन ते पाच पेपर लिहितात, आणि त्या वेळात त्यांना चहासुद्धा विचारायचा नाही असा नियम आहे.

मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन इंटरचा अभ्यास करतो. रोज चौदा तास अभ्यास करतो असं सांगतो. दोन अटेम्प्ट गेले. शेजाऱ्यांचा मुलगा पहिल्या फटक्यात दोन्ही ग्रुप पास झाला. आमच्या मुलाला आणखी चांगला क्लास लावावा का? खर्चाची तयारी आहे.
— पालक, अकलूज

क्लास लावू नका. पैसे वाचवा.

दोन अटेम्प्ट जाणं यात काही विपरीत नाही, दादा. दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांत पास होणारे अलीकडच्या निकालांत पाचांत एकाहून कमी आहेत. शेजाऱ्यांचा मुलगा त्या एकात बसला, त्याचं कौतुक करा आणि घरात तो विषय पुन्हा काढू नका.

मुलाला तासांचा हिशेब विचारणं थांबवा. चौदा तासांत आठ तास मोबाइलवर दीडपट वेगाने लेक्चर बघणं असतं, दोन तास दुसऱ्याच्या नोट्स उतरवणं असतं. त्याऐवजी एवढंच विचारा: या महिन्यात तीन तासांचे पूर्ण पेपर किती लिहिलेस, आणि ते कोणी तपासले? उत्तर 'एकही नाही' असेल तर दुसरा क्लास लावूनही ते 'एकही नाही'च राहील, कारण नव्या क्लासची लेक्चरं बघण्यात पुढचे चार महिने जातील. क्लासच्या पैशातल्या थोड्याशा भागात तपासून मिळणारी टेस्ट सिरीज लागते.

पुस्तकांचंही तेच. एका विषयाला तीन सरांच्या नोट्स असतील तर दोन परत आणा किंवा रद्दीत घाला. सीए इन्स्टिट्यूटच्या बोर्ड ऑफ स्टडीजचं मोड्यूल (अभ्यासाचं पुस्तक), दर परीक्षेआधी येणारा आरटीपी (उजळणीचे प्रश्न), मॉक टेस्ट पेपर आणि जुन्या पेपरांची सजेस्टेड उत्तरं, हे सगळं वेबसाइटवर फुकट आहे. एका सरांच्या नोट्स आणि हे, एवढं पुरतं. पेपर याच धाटणीचे निघतात.

आणि परीक्षा चालू असताना रोज संध्याकाळी 'कसा गेला?' असा फोन करू नका. गेलेल्या पेपरची चर्चा पुढच्या पेपरचा वेळ खाते. जेवलास का, एवढं विचारा.

माझी आर्टिकलशिप दोन महिन्यांत संपते. त्यानंतर फायनल. दोन्ही ग्रुप एकदम द्यावेत की एकेक? ऑडिट काही केल्या पाठ होत नाही. आणि शेवटचा पेपर पुस्तक उघडून लिहायचा असल्याने त्याचा अभ्यास कमी केला तरी चालतो, असं सिनियर म्हणतात.
— आर्टिकल, कोल्हापूर

२०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांवर आली आणि ती संपल्यावर सहा महिने अभ्यासाला मिळून मग फायनल. आमच्या वेळी ऑफिस सांभाळून ही परीक्षा दिली जायची, त्यामुळे मला तुमच्या या सहा महिन्यांचा थोडा हेवा वाटतो. ते मिळत असतील तर दोन्ही ग्रुप एकदम द्यावेत, या मताची मी आहे. कारण बेरजेत आहे. समजा पहिल्या ग्रुपला १६५ आले आणि दुसऱ्याला १३८. दुसरा ग्रुप एकटा दिला असता तर नापास. दोन्ही एकदम दिले आणि सहाही पेपरांत ४० च्या वर असाल तर ६०० पैकी ३०३, म्हणजे ५० टक्के पार, आणि दोन्ही ग्रुप सुटले. एकाची बचत दुसऱ्याला उपयोगी पडते. मात्र सहा महिने पूर्ण वेळ हाताशी नसतील, घरी आजारपण असेल, नोकरी धरावी लागणार असेल, तर हट्टाने दोन्ही घेऊन दोन्ही बुडवू नका.

वेळेची आखणी उलटीकडून करा. पेपरांच्या मधे बहुतेकदा एकेक दिवस सुटी असते, म्हणजे पुढच्या पेपरच्या उजळणीला दीड दिवस. तुम्ही मुलं ज्याला 'दीड दिवस' म्हणता तेच. फायनान्शियल रिपोर्टिंगचं सगळं साहित्य त्या दीड दिवसात नजरेखालून जायला हवं, तर ते किती पानांचं असायला हवं? माझ्या मते अडीचशेच्या आत. बाराशे पानांतून ही अडीचशे तयार करणं हे पहिल्या चार महिन्यांचं काम आहे. लीजचं इंड एएस (भारतीय लेखा मानक) ११६, महसुलाचं ११५, बिझनेस कॉम्बिनेशनचं १०३ या प्रत्येकाची दोन-तीन पानं, आपल्या हाताने, आणि सोडवताना चुकलेल्या गणितांची यादी. पाचव्या महिन्यात दुसरी फेरी. शेवटच्या महिन्यात पेपर लिहिणं आणि दीड-दीड दिवसाची रंगीत तालीम. तालमीत एखादा विषय दीड दिवसात बसला नाही तर पानं अजून कापा.

ऑडिट पाठ होत नाही कारण तुम्ही ते पाठ करताय. दोन वर्षं जे केलंत त्याच्याशी जोडून बघा. एसए (ऑडिटचं मानक) ५०५, बाहेरच्यांकडून पुष्टी. मार्चअखेरच्या ऑडिटला डेटर्सना (येणं असलेल्या पार्ट्यांना) बाकीच्या कन्फर्मेशनची पत्रं तुम्हीच टाइप केली असतील. ती कोणाच्या पत्त्यावर परत मागवली होती? ऑडिटरच्या, क्लायंटच्या नव्हे. का, ते एका वाक्यात लिहा. उत्तर न आलेल्या पार्टीचं काय केलंत? एप्रिल-मेमध्ये तिच्याकडून आलेले पैसे बँकेत शोधलेत, बिलं आणि माल पाठवल्याची चलनं काढलीत. तीच मानकातली पर्यायी कार्यपद्धती. आणि मालकाने 'या पार्टीला पत्र पाठवू नका, त्यांच्याशी वाद चालू आहे' असं सांगितलं तेव्हा तुमच्या साहेबांनी काय केलं? कारण विचारलं असणार, ते पटण्यासारखं आहे का हे तपासलं असणार, आणि दुसऱ्या मार्गाने खात्री केली असणार. हे सगळं एसए ५०५ मध्ये आहे. असे एकेक मानक एकेका क्लायंटच्या फायलीला बांधा. चालू राहण्याची क्षमता, एसए ५७०, बंद पडत आलेल्या सूतगिरणीची फाइल आठवली की डोळ्यांसमोर उभं राहतं. आर्टिकलशिपमध्ये नुसती व्हाउचरं टिक केली असतील तर पुढचे दोन महिने सिनियरच्या मागे लागून वर्किंग पेपर वाचायला मागा.

कारो २०२० ची (कंपनीच्या ऑडिट रिपोर्टबद्दलच्या सरकारी आदेशाची) २१ कलमं आणि व्यावसायिक नीतीची परिशिष्टं मात्र पाठच करावी लागतात. त्याला दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही. सकाळी अंघोळीआधी पाच-पाच.

उघड्या पुस्तकाच्या पेपरबद्दल तुमचे सिनियर चुकीचं सांगताहेत. इंटिग्रेटेड बिझनेस सोल्यूशन्स हा एकच पेपर चार तासांचा असतो, दोन ते सहा, आणि तो चार तासांचा का आहे हे पहिली केस वाचताना समजतं. एकाच कंपनीच्या गोष्टीत इंड एएस, आंतरराष्ट्रीय कर, जीएसटी, ऑडिट सगळं गुंफलेलं असतं. पुस्तक उघडायला परवानगी आहे, पण पिशवी भरून पुस्तकं नेलेली मुलं चार तास पानंच उलटत बसतात. आधी बाकीचे पाच पेपर पक्के करा. मग या पेपरसाठी स्वतःची एक अनुक्रमणिका बनवा, कोणता मुद्दा कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर, दोन-तीन पानांत. पुस्तक उघडायचं ते एखादी मर्यादा किंवा दर नक्की करायला. आणि निदान तीन केस पूर्ण वेळ लावून सोडवल्याशिवाय तिथे जाऊ नका.

बारावीपर्यंत मराठी माध्यम. वडिलांचं किराणा दुकान आहे. फाउंडेशनला नाव घातलंय. वर्गात समजतं, पण इंग्रजीत उत्तर लिहिताना हात थांबतो. मराठीत पेपर लिहिता येतो का?
— विद्यार्थी, मंगळवेढा

मराठीत नाही. इंग्रजी किंवा हिंदी, दोनच पर्याय. हिंदी घेण्याचा मोह होईल, पण ती घेऊ नकोस असं मी सांगेन. हिशेबाची हिंदी आपल्याला इंग्रजीइतकीच परकी असते, आणि पुढे ऑफिसात, रिटर्नमध्ये, ऑडिट रिपोर्टमध्ये सगळं इंग्रजीच येतं.

किराणा दुकान आहे हे मात्र मोठं भांडवल आहे. शिल्लक मालाचं मूल्यांकन घे. दिवाळीत वडिलांनी आकाशकंदील ८० रुपयांना आणले, दहा उरले, आता ते ५० च्या वर जात नाहीत. ३१ मार्चला ते दहा कंदील वहीत कितीला धरायचे? वडिलांना विचार, ते न शिकता ५०० सांगतील. खरेदी किंमत किंवा विकून हाती येणारी रक्कम, यातली जी कमी ती. आता हेच एका इंग्रजी वाक्यात लिही. डिक्शनरी बघून शब्दाला शब्द लावायला जाऊ नकोस. मोड्यूलमधलं वाक्य वाच, पुस्तक मीट, आठवून लिही, ताडून बघ. परीक्षेला लागणारी इंग्रजी फार थोडी आहे. तीच पंचवीस-तीस वाक्यं प्रत्येक उत्तरात फिरून येतात. रोज पाच उत्तरं लिहिलीस तर दिवाळीपर्यंत हात थांबायचा बंद होईल. व्याकरणाच्या चुकांना घाबरू नकोस, आमच्या धंद्यात मोठमोठ्या नोटिसांत त्या असतात.

एक लक्षात ठेव. फाउंडेशनला गणित-संख्याशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचा पेपर पूर्ण वस्तुनिष्ठ असतो आणि तिथे चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. इंटरवाल्या बार्शीच्या ताईला मी सगळे एमसीक्यू लिहायला सांगितलंय, ते तुला लागू नाही. तू चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले तरच उत्तर दे.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा आला. माझ्या १९६१ च्या कायद्याच्या नोट्स फेकून द्यायच्या का? दोन वर्षं खपून केल्यात.
— विद्यार्थिनी, नांदेड

फेकू नकोस, पण त्यांच्यावर विसंबूनही राहू नकोस. पहिली गोष्ट, तुझ्या अटेम्प्टला कोणता कायदा लागू आहे हे बोर्ड ऑफ स्टडीजच्या घोषणेत बघ. ही घोषणा दर परीक्षेची वेगळी असते, आणि मैत्रिणीने टेलिग्रामवर पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे घोषणा नव्हे. जीएसटी आणि कंपनी कायद्यात साधारण परीक्षेच्या सहा महिने आधीपर्यंतचे बदल धरतात. त्या तारखाही तिथेच मिळतात.

नवा कायदा लागू असेल तर घाबरण्याइतकं काही नाही. उत्पन्नाची पाच शीर्षकं तीच, गणनेची रीतही बरीचशी तीच. कलमांचे आकडे बदललेत, ८०सी मधलं आता १२३ मध्ये सापडतं. मागील वर्ष आणि करनिर्धारण वर्ष ही जोडी जाऊन एकच 'कर वर्ष' आलंय, आणि त्याबद्दल मी तरी सरकारचे आभार मानते. दरवर्षी नव्या आर्टिकलला ती जोडी समजावून सांगण्यात एक दुपार जायची. जुन्या नोट्सच्या समासात नवे आकडे लिहीत जा. एकेक कलम असं जुळवून लिहिताना तुझी एक उजळणी आपोआप होईल.

इंटर झाल्यावर आर्टिकलशिप पूर्ण केली, मग लग्न, मग मुलगी. ती आता तीन वर्षांची. फायनल राहिली आहे. दिवसाचे तीन तास कसेबसे मिळतात. आता जमेल का, हे विचारायलाही संकोच वाटतो.
— गृहिणी, धाराशिव

संकोच कसला, ताई. आधी इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर तुमची फायनलची नोंदणी चालू आहे का आणि नव्या अभ्यासक्रमात तुम्ही आलात का, ते तपासा. हे राहिलं तर अर्ज भरताना अडकायला होतं.

वर कोल्हापूरकरांना दोन्ही ग्रुप द्या म्हटलं, तुम्हाला एकच सांगते. फायनलही २०२५ पासून वर्षातून तीनदा होते, त्यामुळे एक ग्रुप गेला तरी पुढची तारीख चार महिन्यांवर असते. जानेवारी टाळा, संक्रांत, हळदीकुंकू, पाहुणे, त्यात अभ्यास होत नाही. मे महिन्यातही मुलांच्या सुट्या आणि लग्नसराई. सप्टेंबर बरा, गणपती कधी आहेत तेवढं बघून.

तीन तास सलग मिळत नसतील तर पहाटे दीड आणि दुपारी मुलगी झोपल्यावर दीड असे घ्या. पहाटे गणितं: फायनान्शियल रिपोर्टिंग, अॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट. दुपारी ऑडिटचं लिखाण. लेक्चरं बघायला वेळ नाही आणि तुम्हाला त्यांची तितकी गरजही नाही. मोड्यूलमधली सोडवलेली उदाहरणं झाकून सोडवा. वेळ वाचवायचा तर कॅल्क्युलेटर नीट शिका. साधा, बारा अंकी चालतो. दहा टक्क्यांचे वर्तमान मूल्याचे आकडे हवे असतील तर १ भागिले १.१ करून बरोबरचं बटण दाबत जा: ०.९०९, ०.८२६, ०.७५१. मग जीटीचं (एकूण बेरजेचं) बटण दाबलं की तिन्हींची बेरीज २.४८७ समोर येते, वही-पेन न लागता. काही कंपन्यांच्या यंत्रांत भागाकाराचं बटण दोनदा दाबावं लागतं आणि आकडे उलट क्रमाने घालावे लागतात. तुमचं कोणतं आहे ते आधी करून बघा आणि परीक्षेला तेच घेऊन जा.

आणि दर रविवारी दोन ते पाच मुलीला तिच्या बाबांकडे द्या. घरात हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाका, परीक्षेच्या महिन्यात सांगितलं तर कोणी ऐकत नाही. पहिले काही रविवार मुलगी दार वाजवेल. पेपर तपासायला माझ्याकडे पाठवलेत तरी चालेल, फक्त ३१ जुलैच्या आधीचा पंधरवडा सोडून.